नळापासून गच्चीकडे या

जुन्या इमारतींत हीट पंप विकणाऱ्या, बसवणाऱ्या आणि त्याविषयी सल्ला देणाऱ्या सर्व मंडळींस,



मी पुण्यात, कोथरूडमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सहा वर्षं सचिव होतो. इमारत १९९८ सालची, खाली पार्किंग आणि वर चार मजले, ३२ सदनिका. पाणी तापवणारं जुनं सोलर दमलं तेव्हा आम्ही हीट पंप बसवायचं ठरवलं आणि आपल्यापैकी सात जण आमच्याकडे येऊन गेले. सातही जणांचा पहिला प्रश्न एकच होता : "गच्चीची किल्ली कोणाकडे असते?" सगळे लिफ्टनं वर गेले, टाक्या पाहिल्या, जुनी पॅनेल मोजली, फोटो काढले आणि "दोन दिवसांत कोटेशन पाठवतो" म्हणून निघून गेले. गरम पाणी कोणत्या घरात किती वेळानं येतं, हे एकानंही विचारलं नाही. कोणाच्या बाथरूममध्ये जाऊन एक नळ सोडून पाहिला नाही. नळ्यांच्या डक्टचं दार उघडलं नाही. पुढे आमच्याकडे जे जे बिघडलं, त्याचं मूळ त्या न उघडलेल्या दारामागे होतं.

यंत्रावर माझा राग नाही, हे आधी सांगतो. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साधारण साडेतीन युनिट उष्णता लागते. गिझरची कॉइल त्यासाठी साडेतीन युनिट वीज खाते. चांगला हीट पंप पुण्याच्या हवेत एका युनिटच्या आसपास वीज घेतो आणि बाकीची उष्णता हवेतून आणतो. आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा ३२ घरांच्या आंघोळीच्या पाण्यात किती बचत आहे याचा हिशेब कोणीही करू शकतो. शिवाय गॅस गिझरचा धोका आहेच. खिडकी बंद करून आंघोळीला गेलेलं माणूस कार्बन मोनॉक्साइडनं गुदमरून गेल्याची बातमी हिवाळ्यात वाचली की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून हे यंत्र जुन्या इमारतींत यावं, नीट यावं, असं मला मनापासून वाटतं. झुरिकचं रातहाउस ही नगरसभेची इमारत सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेली. तिथे १९३८ साली लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला गेला. सुमारे अडीचशे वर्षं जुन्या भिंतींत त्या काळी जे जमलं, ते आमच्या पंचवीस वर्षांच्या इमारतीत जमायला हवं.

माझं लहानपण वाड्यात गेलं. न्हाणीत तांब्याचा बंब असायचा, पहाटे आई त्यात बंबफोड घालायची. बंबाची तोटी आणि बादली यांच्यात दोन हातांचं अंतर. पाणी तापलं की ते बादलीतच पडायचं, मध्ये कुठे थंड व्हायला वाव नव्हता. पुढे फ्लॅट आले, गिझर आला, तोही बाथरूमच्या भिंतीवरच. मग सोलर आलं आणि पहिल्यांदा पाणी तापवायची जागा गच्चीवर गेली, वापरायची जागा खाली राहिली. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या नळापर्यंत ते पाणी गच्चीवरून आडवं आणि डक्टमधून उभं, असं जवळजवळ ४० मीटर चालत येतं. आपण येऊन गच्चीवरचं यंत्र बदललंत. हे ४० मीटर होते तसेच राहिले.

या अंतराचा हिशेब मी नंतर स्वतः शिकलो, तो इथे मांडतो, कारण तो आपल्या एकाही कोटेशनमध्ये नव्हता. आतून एक इंच व्यासाच्या नळीत दर मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं. ४० मीटरमध्ये २० लिटर. म्हणजे आजींनी पहाटे नळ सोडला की आधी रात्रभर नळीत गार झालेलं बादलीहून जास्त पाणी मोरीत जातं, मग गरम येतं. त्या मला म्हणाल्या होत्या, "अरे, तुमचा पंप वर तापतो हे कळलं, पण माझ्या बादलीत तो पोचतो कधी?" हे पाणी धरणातून आलेलं, शुद्ध केलेलं, पंपानं वर चढवलेलं, आणि उन्हाळ्यात तर टँकरनं विकत घेतलेलं असतं.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे रिटर्न लाइन. गरम पाणी सतत फिरतं ठेवायचं, म्हणजे नळ सोडला की लगेच गरम. आमच्याकडेही ती टाकली. पण नळ्यांवर वेष्टण नव्हतं. ५५ अंशांचं पाणी वाहणारी एक इंची उघडी नळी २५ अंशांच्या हवेत दर मीटरला सुमारे ३० वॉट उष्णता घालवते. आमच्या इमारतीत जाता-येता मिळून अशी उघडी नळी १०० मीटरच्या आसपास भरली. म्हणजे ३ किलोवॉट. सर्क्युलेशनचा पंप चोवीस तास चालू, म्हणून दिवसाला ७० युनिटांहून जास्त उष्णता नुसती डक्टमध्ये आणि गच्चीवर विरून जात होती. एवढ्या उष्णतेत २००० लिटर पाणी तापतं. ३२ घरांना मिळून रोज ३००० लिटरच्या आसपास पाणी लागतं, हे लक्षात घेतलं तर आम्ही काय गमावत होतो ते दिसेल. आमच्या डक्टमध्ये कबुतरं हिवाळाभर त्या नळ्यांना चिकटून बसत. वॉचमनला ते दिसत होतं, प्लंबरला दिसत होतं. आपल्यापैकी एकानं जरी डक्टचं दार उघडलं असतं, तर त्यालाही दिसलं असतं.

त्या नळ्यांवर आम्ही नंतर फोमचं वेष्टण चढवलं, गच्चीवरच्या भागाला उन्हानं फोम चुरू नये म्हणून वर पत्रा मारला, आणि सर्क्युलेशन पंपाला टायमर लावून तो सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी दोन तास एवढाच चालू ठेवला. खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ होता. आजींच्या नळाला आता पाण्याचा पहिला तांब्या जेमतेम कोमट येतो आणि दुसरा गरम. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. माझी पहिली विनंती म्हणून हीच आहे : कोटेशन देण्याआधी नळी मोजा. किती मीटर, कोणत्या व्यासाची, लोखंडी की प्लास्टिकची, उघडी किती, झाकलेली किती. वेष्टणाचा खर्च "गरज वाटल्यास, वेगळा" असा तळटिपेत टाकू नका, मुख्य कामात घ्या. ज्या इमारतीतल्या जुन्या जीआय नळ्या आतून गंजून अर्ध्या बुजल्या आहेत, तिथे "आधी नळ्या बदला, मग माझ्याकडे या" असं सांगायची हिंमत दाखवा. त्या दिवशी आपला एक सौदा जाईल, पण असं सांगणाऱ्या माणसाला आमच्यासारखे सचिव दहा इमारतींत घेऊन जातील.

आता आमच्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. कोणी बसवलं ते मी लिहिणार नाही, कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाही. यंत्र सुरू झालं. पहिल्या महिन्याचं वीजबिल अपेक्षेपेक्षा जास्त आलं. "सुरुवातीला असं होतं" असं सांगण्यात आलं. दुसऱ्या महिन्यात तेच, तिसऱ्यातही तेच. सभासद मला जिन्यात थांबवून विचारू लागले आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अखेर तिसऱ्या मजल्यावर एसी दुरुस्त करायला आलेल्या एका तरुण मेकॅनिकला मी हात जोडून गच्चीवर नेलं. त्यानं वायरला क्लॅम्प मीटर लावला आणि दहा मिनिटांत सांगितलं, "काका, तुमचा हीट पंप दिवसभरात जेमतेम चालतोय. पाणी जुनी कॉइलच तापवतेय." सोलरच्या टाकीतली बॅकअपची कॉइल तशीच जोडलेली राहिली होती. तिचा थर्मोस्टॅट ६० अंशांवर होता, हीट पंपाचा ५५ वर. टाकी कायम ६० च्या जवळ, मग पंपाला सुरू व्हायचं कारणच उरत नव्हतं. लाखो रुपयांचं यंत्र उभं होतं आणि तीन महिने आम्ही जुन्याच कॉइलवर आंघोळी करत होतो.

ही चूक कोणाकडूनही होऊ शकते, ते मी समजू शकतो. पण तीन महिने ती कळली नाही, कारण मोजायला काही नव्हतंच. म्हणून दुसरी विनंती मोजमापाची, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हीट पंप आणि बॅकअपची कॉइल या दोघांच्या सामाईक वायरवर एक वेगळा सबमीटर. टाकीत येणाऱ्या थंड पाण्याच्या नळीवर एक पाण्याचा मीटर. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याला एकेक तापमापक. एवढ्यानं कोणताही खजिनदार यंत्राची परीक्षा घेऊ शकतो. दिवसभरात वापरलेले लिटर गुणिले तापमानातली वाढ, भागिले ८६०, हे झाले पाण्यात गेलेल्या उष्णतेचे युनिट. त्याला सबमीटरवरच्या युनिटांनी भागा. उत्तर तीनच्या वर आलं तर यंत्र नीट आहे, दोनच्या खाली आलं तर काहीतरी चुकतं आहे आणि एकच्या आसपास आलं तर आमच्यासारखी कॉइल कुठेतरी चालू आहे किंवा नळ्या उष्णता पीत आहेत. ३००० लिटर आणि ३० अंश धरले तर शंभराच्या थोडे वर, सुमारे १०५ युनिट येतात. सबमीटर ३५ दाखवत असेल तर समाधानानं झोपावं. आपल्या माहितीपत्रकावरचा आकडा कोणत्या हवेला, कोणत्या तापमानाच्या पाण्याला मोजला आहे हे आम्हाला ठाऊक नसतं. आम्हाला आमच्या गच्चीवरचा, जानेवारीतला आकडा हवा आहे. शेवटचा हप्ता त्या आकड्याला बांधून घ्या. यंत्रावर विश्वास असलेल्या विक्रेत्याला यात भिण्यासारखं काही नाही.

टायमरबद्दलही बोलायला हवं. आमचं यंत्र पहाटे चारला सुरू व्हायचं, कारण "लोक साडेपाचला आंघोळीला लागतात". डिसेंबरात पहाटे चारला पुण्याची हवा १२ अंशांच्या आसपास, दुपारी दोनला २८ ते ३०. बाहेरची हवा आणि तापवायचं पाणी यांच्या तापमानात जितकं अंतर, तितका पंपाला चढ जास्त आणि वीज जास्त. तेच पाणी दुपारी तापवून नीट झाकलेल्या टाकीत ठेवलं तर सकाळपर्यंत ते दोन-चार अंशच उतरतं. दुपारी गच्चीवर ऊन असतं, सोसायटीनं सौर वीज पॅनेल बसवली असतील तर तीच वीज थेट वापरता येते, आणि स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेला सवलतही लागू झाली आहे. पहाटे चारचा आणखी एक त्रास म्हणजे आवाज. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या एका सभासदाच्या पलंगाच्या बरोबर वर, स्लॅबवर, रबराच्या पट्ट्यांशिवाय तो पंप बसवला होता. तो गृहस्थ हृदयरोगी आहे. त्यानं तक्रार केली तेव्हा त्याला "सवय होईल" असं उत्तर मिळालं. हे उत्तर पुन्हा कोणालाही देऊ नका, एवढंच म्हणतो.

टाकीच्या वजनाविषयी आपण फार सहज बोलता. "३००० लिटर पुरणार नाही, ५००० ची लावू." ५००० लिटर म्हणजे ५ टन, टाकीचं आणि पायाचं वजन वेगळं. पाण्याची उंची २ मीटर असली तर दर चौरस मीटरला २००० किलो भार येतो, आणि राहत्या इमारतीची गच्ची माणसांच्या वावरासाठी सर्वसाधारणपणे चौरस मीटरला १५० किलो धरून आखलेली असते. टाकी तुळयांवर आणि खांबांवर बसली तरच ती सुरक्षित, स्लॅबच्या मधोमध बसली तर नाही. आदर्श उपविधींनुसार १५ वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. तो अहवाल मागा. नसेल तर काम सुरू करू नका. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीविना आपल्या माणसानं गच्चीवर खडूनं चौकोन आखला की माझा जीव खालीवर होतो, कारण त्या चौकोनाखाली कोणाचं तरी मूल झोपलेलं असतं.

टाकी किती मोठी हवी, याचा खरा कस आमच्याकडे नरक चतुर्दशीला लागतो. वर्षभर लोक साडेपाच ते नऊ या वेळात विखरून आंघोळ करतात. त्या एका पहाटे ३२ घरं, शिवाय आलेले लेकी-जावई आणि नातवंडं, तेल-उटणं लावून साडेचार ते सहामध्ये आंघोळीला उभी असतात. पहिल्या दिवाळीला पावणेसहाला पाणी गार झालं. सासरहून पहिल्यांदा माहेरी दिवाळीला आलेल्या मुलीला गार पाण्यानं अभ्यंगस्नान करावं लागलं, हे तिच्या आईनं मला आजवर विसरू दिलेलं नाही, आणि तिचं चुकतही नाही. आपण "माणशी अमुक लिटर, गुणिले माणसं" एवढ्यावर थांबता. आमचे सण आणि आमच्या आंघोळीच्या वेळाही विचारा. त्या एका पहाटेसाठी मोठी टाकी लावायची गरज नाही. आदल्या संध्याकाळी तापमान वाढवून ठेवलं तर तेवढ्याच टाकीतून जास्त बादल्या निघतात. हे आम्हाला सांगितलं गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही तसं केलं आणि सगळ्यांना पुरलं.

गरम-थंड पाणी एकमेकांत शिरण्याचा प्रकार आपल्यापैकी थोड्याच जणांना ठाऊक असावा असं वाटतं. एखाद्या घरात मिक्सरच्या तोंडाला जेट स्प्रे जोडलेला असतो. मिक्सर उघडा आणि स्प्रेचं बटण बंद. मग जास्त दाबाचं थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतं आणि वरच्या-खालच्या चार घरांत पाणी कोमट येतं. आम्ही दोन महिने पंपाला दोष दिला. दोष २०३ क्रमांकाच्या सदनिकेतल्या एका पन्नास पैशांच्या वॉशरइतक्या साध्या जागी होता, तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. नळापासून सुरुवात करा असं मी म्हणतो ते अशा कारणांसाठीही.

पाण्याच्या तापमानात आरोग्याचाही प्रश्न आहे. लेजिओनेला नावाचा जीवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या तुषारांमधून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या एका अधिवेशनात ही साथ पसरली, तेव्हा जगाला तो कळला. ६० अंशांवर तो काही मिनिटांत मरतो. वीज वाचवायला टाकी ४५ वर ठेवा, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तो धोक्याचा आहे. टाकी ५५ च्या वर असावी आणि आठवड्यातून एकदा ६० च्या पुढे जावी. पण ६० अंशांच्या पाण्यानं लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते, तेव्हा तो वार ठरवून सूचना फलकावर लावायची शिस्तही आपणच आम्हाला शिकवा. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, बोअरचं आणि टँकरचं जड. जिथे बोअरचं पाणी मिसळतात तिथे क्षार उष्णता-विनिमयकावर बसतात, आणि तापमान वाढेल तसे जास्त बसतात. पाणी तपासल्याशिवाय यंत्राची हमी देऊ नका. दिलीत तर "क्षारांमुळे बिघाड झाल्यास हमी लागू नाही" हे वाक्य बारीक अक्षरांत छापू नका.

पैशांचा भाग. आमच्या घरोघरच्या गिझरांची वीज घरोघरच्या मीटरवर, महावितरणच्या खालच्या टप्प्यांत पडत होती. हीट पंपाची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरवर येते, तिथे लिफ्ट आणि पाण्याचे पंप आधीच ५०० युनिटांच्या पुढे गेलेले असतात. म्हणजे हीट पंपाचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्याच्या दरानं. आपण बचत काढताना गिझरचे युनिट आणि हीट पंपाचे युनिट एकाच दरानं धरलेत. बचत तरीही होते, पण सांगितली त्याहून कमी होते, आणि सभेत ज्यानं आकडा वाचून दाखवला तो सचिव खोटा पडतो. शिवाय ३०४ मध्ये कोणी राहत नाही, ४०१ मध्ये सहा विद्यार्थी भाड्यानं राहतात, आणि बिल सगळ्यांना सारखं. सर्वसाधारण सभेत सर्वांत मोठं भांडण यावरून झालं. प्रत्येक घराच्या गरम लाइनला छोटा मीटर लावता येईल का, एका घराला दोन उभ्या लाइन असतील तर काय करायचं, हा विचार कोटेशनच्या आधी आमच्याबरोबर बसून करा.

जुनी सोलर पॅनेल भंगारात काढायचा सल्ला देताना एक लक्षात घ्या. पुणे महापालिका चालू स्थितीतल्या सौर, गांडूळखत, पर्जन्यजल अशा प्रकल्पांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. पॅनेल काढली तर ती सवलत कशाच्या जोरावर मागायची, याचं उत्तर आपल्याकडे असायला हवं. बऱ्याचदा पॅनेल धुऊन, फुटलेल्या नळ्या बदलून चालतात, आणि सोलरनं तापवलेलं पाणी हीट पंपानं फक्त पूर्ण करायचं असतं. जिथे पॅनेल खरोखर संपली आहेत, तिथे त्या जागेत वीज बनवणारी पॅनेल लावता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण विजेची पॅनेल एक माणूस विकतो, हीट पंप दुसरा, आणि दोघे एकमेकांच्या फोनवर येत नाहीत.

हेच दुरुस्तीचं. यंत्र बंद पडलं की प्लंबर म्हणतो विजेचं आहे, इलेक्ट्रिशियन म्हणतो गॅसचं आहे, एसीवाला म्हणतो पाण्याचं आहे. आपला माणूस चौथ्या दिवशी येतो आणि तोवर ३२ घरांत बादलीत रॉड टाकून पाणी तापवलं जातं, तेही धोक्याचं. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकून बाहेर पडणारी मुलं आहेत. त्यांना नळकाम आणि वायरिंग एवढं जोडून शिकवलं तर प्रत्येक प्रभागात असा एक माणूस तयार होईल. आपण धंदेवाल्यांनी एकत्र येऊन ते केलंत तर आपलाच धंदा वाढेल. आणि पॅनेलवर उमटणाऱ्या त्रुटी-क्रमांकांचा अर्थ मराठीत एका कागदावर छापून टाकीशेजारी चिकटवा. रात्री अकराला गच्चीवर वॉचमन जातो.

यंत्रात कोणता गॅस आहे हेही सांगा. आर-२२ भारतात २०३० पर्यंत संपवायचा आहे. आर-१३४ए हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींहून जास्त तापवतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही, म्हणून जागा मोकळी हवी. पंधरा वर्षं चालायच्या यंत्रात काय भरायचं, हे ठरवण्याचा हक्क आम्हाला द्या.

आणि जिथे हे काम करू नये तिथे करू नका. ज्या इमारतीत गरम पाण्याची उभी लाइन कधीच नव्हती, तिथे भिंती फोडून ती टाकण्यापेक्षा ड्राय बाल्कनीत मावणारं एका घराचं छोटं यंत्र बरं. ज्या सोसायटीनं पुनर्विकासाचा ठराव केला आहे, तिला पंधरा वर्षांचं यंत्र विकू नये.

आमचीही चूक आहे. सातांपैकी सर्वांत कमी किमतीचं कोटेशन आम्ही निवडलं, कारण सभेत तेच मंजूर करून घेणं सोपं होतं. नळ्यांचं काम ज्यानं थोडंफार नमूद केलं होतं, त्याचा आकडा मोठा दिसला आणि आम्ही तो बाजूला ठेवला. आता शेजारच्या तीन सोसायट्यांचे सचिव माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना आधी डक्ट उघडायला सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी आमच्या भागात याल तर सकाळी सहाला या. गच्चीची किल्ली नंतर मागा. बरोबर एक तापमापक, सेकंदकाट्याचं घड्याळ आणि १५ लिटरची बादली आणा. पहिल्या मजल्यावरच्या आजी लवकर उठतात, त्यांच्या दाराची बेल वाजवा. त्या नळ सोडून देतील, आपण वेळ मोजा. तोवर चहाही टाकतील.

आपला नम्र,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव
कोथरूड, पुणे